पाटीवरचे वडील

माझे वडील वर्षातले चार महिने बोलत नसत. आषाढी एकादशीला रात्री आरती झाली की त्यांचं मौन सुरू होई, ते कार्तिकीला सुटे. मधल्या काळात आमच्या पंचवटीतल्या दोन खोल्यांत दोनच आवाज असत, आईच्या शिलाई मशीनचा आणि अण्णांच्या पाटीवर पेन्सिल करकरण्याचा. पाटी शाळेतल्या पोरांची असते तशीच, लाकडी चौकटीची, खिळ्याला सुतळीनं अडकवलेली. ‘पाणी.’ ‘दार लाव.’ ‘आज उपास.’ तीन-चार शब्दांपुढं मजकूर सहसा जात नसे. आम्ही वाचलं की ते ओल्या फडक्यानं पुसून टाकत. त्यामुळे वडिलांच्या हस्ताक्षरातलं माझ्याकडे आज काहीच नाही.

गेल्या भाद्रपदात अष्टमीला त्यांचा महालय होता. बंडू, माझा धाकटा भाऊ, सकाळी पुण्याहून यायचा होता. आदल्या रात्री मी वड्यांचा भरडा काढून ठेवला, आमसुलं भिजत घातली, गवार निवडली आणि मग झोप येईना म्हणून ‘स्मृतिचित्रे’ उघडलं. लक्ष्मीबाई टिळकांचं हे पुस्तक मी चौथ्यांदा तरी वाचत असेन. कॉलेजात असताना वाचलं तेव्हा पोट धरून हसले होते. पोस्टात नोकरी करताना जेवणाच्या सुट्टीत वाचलं तेव्हा कमी हसले. या वेळी पहिल्या काही पानांतच थांबले, आणि पुस्तक छातीवर पालथं ठेवून छताकडे बघत पडले.

त्या पानांत लक्ष्मीबाईंचे वडील आहेत. जलालपूर आमच्या नाशिकला लागूनच, गोदेच्या काठी. तिथं १८६८ साली त्या जन्मल्या, माहेरच्या मनकर्णिका गोखले. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईचे वडील फासावर गेले, आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्यानं झपाटलं. साधंसुधं सोवळं नव्हे. बाजारातून आलेलं धान्य धुवायचं, मीठसुद्धा धुवायचं. मीठ धुतल्यावर उरतं काय, हा प्रश्न त्या घरात कुणी विचारला असेल का, मला माहीत नाही. पण धुणारे हात वडिलांचे एकट्याचे नव्हते. घरातल्या बायकांचे होते, आणि पाणी भरणाऱ्या पोरींचे होते. सोवळं म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी ओवळं ठरवणं, हे तर आहेच. पण सहसा कुणाच्या हे लक्षात येत नाही की सोवळ्याला मजूर लागतात.

त्या घरातून सुटून अकराव्या वर्षी ती मुलगी टिळकांच्या घरात गेली. तिथं सोवळं नव्हतं, वादळ होतं. नारायण वामन टिळक म्हणजे कवी, मनानं उदार आणि डोक्यानं तापट माणूस. आज इथं तर उद्या भलतीकडेच, न सांगता निघून जायचे, हाती आलेला पैसा हाती ठरत नसे. देव मात्र त्यांना खरोखर हवा होता, याबद्दल शंका घेऊ नये. तो शोधता शोधता १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायको जवळ नव्हती, मुलगा लहान होता. पुढची काही वर्षं ती बाई नवरा जिवंत असून नसल्यासारखी नातेवाइकांत राहिली. मग स्वतःच्या पायांनी त्यांच्याकडे परतली, आधी वेगळी चूल मांडून राहिली, आणि स्वतःच्या मनाचा कौल घेऊन १९०० मध्ये स्वतःही ख्रिस्ती झाली. बरं, इतकं झाल्यावर माणूस स्थिर व्हावा की नाही? १९१७ साली टिळकांनी मिशनचं काम सोडलं, संन्यास जाहीर केला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. दोन वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात, ते गेले.

पुस्तक वाचणारे सगळे लक्ष्मीबाईंच्या विनोदाचं कौतुक करतात. करायलाच हवं. मला मात्र त्या रात्री ते पुस्तक खर्चाच्या वहीसारखं वाटायला लागलं. एका माणसानं देव शोधला, त्याचा खर्च कुणी कुणी किती किती केला, याची ती वही. टिळकांनी स्वतः असं काही लिहिलं नाही. शोधणाऱ्याला वाट दिसते, वाटखर्ची दिसत नाही. ती बायको लिहिते, नाहीतर पोरं.

आमच्या अण्णांना वाट १९६९ साली दिसली. तोवर ते एका सरकारी कचेरीत कारकून होते, संध्याकाळी पेटी वाजवत, रविवारी बंडूला खांद्यावर घेऊन नदीवर नेत. मग कुणाबरोबर तरी एका महाराजांच्या दर्शनाला गेले आणि अनुग्रह घेऊन आले. महाराजांचं नाव घेत नाही, त्यांचा यात काही दोष नव्हता. त्यांनी कुणाला घर सोडायला सांगितलं नव्हतं आणि कान तर मुळीच मागितला नव्हता.

कानाची हकिगत अशी. १९७० चा श्रावण. बंडू सहा वर्षांचा. कान दुखतो म्हणून रात्रभर रडला. दुसऱ्या दिवशी ताप, तिसऱ्या दिवशी उशीवर पिवळा डाग. आई अण्णांसमोर जाऊन उभी राहिली, ‘डॉक्टरकडे नेते’ म्हणाली. अण्णांनी खिळ्यावरची पाटी काढली आणि लिहिलं, ‘भोग आहे. सरेल.’ मग अंगाऱ्याची पुडी पुढं केली. मी तेव्हा तिसरीतून चौथीत गेले होते, जोडाक्षरं चांगली येत होती, आणि ‘भोग’मध्ये तर जोडाक्षरही नाही. मी ते मोठ्यानं वाचलं. मला वाटलं होतं, शाबासकी मिळेल.

आईनं पाटी वाचली, अंगारा लावला, तुळशीचा रस कोमट करून कानात घातला. पंधरा दिवस घातला. हे मी झाकणार नाही. सगळं अण्णांवर ढकलणं सोपं आहे, पण ते पंधरा दिवस आईचेही आहेत. मग एका दुपारी अण्णा महाराजांकडे गेलेले असताना तिनं दोन ब्लाउजांच्या शिलाईचे पैसे पदराला बांधले आणि बंडूला दवाखान्यात नेलं. पडदा फुटलेला होता, पू आत पसरला होता. उजव्या कानानं बंडूला त्यानंतर कधी ऐकू आलं नाही. आजही तो माणसाच्या उजवीकडेच बसतो, म्हणजे डावा कान समोरच्याकडे राहतो. माझ्या वहिनीला लग्नानंतर वर्षभर वाटत होतं, यांच्या घराण्यात बायकोला डावीकडे बसवायची काहीतरी रीत आहे.

१९७२ मध्ये अण्णांनी नोकरी सोडली. दुष्काळाचं वर्ष. रेशनवर लाल मिलो मिळायची, तिच्या भाकरी थापताना फाटत आणि गिळताना अडकत. त्या वर्षी अण्णा चातुर्मास संपल्यावरही बोलले नाहीत.

देव शोधायला निघालेल्या माणसाच्या घराचं काय, हा प्रश्न माझा एकटीचा नाही, जुन्या लोकांनाही तो पडलेला आहे. जाबालोपनिषदात याज्ञवल्क्य जनकाला सांगतात की ज्या दिवशी विरक्ती येईल त्याच दिवशी निघावं, मग माणूस कोणत्याही आश्रमात असो. अण्णांना हे तोंडपाठ होतं. दुसरीकडे मनू. मनूला एरवी मी उंबऱ्याच्या आत घेणार नाही, बाईच्या जातीनं त्याचे उपकार मानावेत असं त्यानं फारसं काही लिहिलेलं नाही. पण या एका बाबतीत तो माझ्या बाजूनं बोलतो, आणि वकील मिळाला की आपण त्याचं चारित्र्य बघत नाही. तो म्हणतो, ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं अशी तीन ऋणं फेडल्यावरच मोक्षाकडे मन लावावं. न फेडता जो मोक्षामागे लागतो, तो खाली जातो. जाबाल म्हणतो, नीघ. मनू म्हणतो, आधी देणं दे. आपल्या धर्मात ही सोय आहे, हवं ते मिळतं. मात्र या तीन ऋणांत ऋषी आहेत, देव आहेत, मेलेले आजोबा-पणजोबा आहेत. पोरांचं ऋण नाही. पोर हे ऋण फेडण्याचं नाणं आहे, सावकार नाही.

आणखी एक घर आहे, प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असलेलं. विठ्ठलपंत कुलकर्णी. परंपरेतली कथा अशी की बायकोला मागे ठेवून ते काशीला गेले आणि ‘मला पाश नाहीत’ म्हणून संन्यास घेतला. पुढे गुरू आळंदीला आले, वाकून नमस्कार करणाऱ्या रुक्मिणीला त्यांनी पुत्रवती हो असा आशीर्वाद दिला, तेव्हा सगळं उघडकीला आलं. गुरूंनी काय केलं? शिष्याला परत पाठवलं. घरी जा, संसार कर. मला ही गोष्ट फार आवडते. एवढ्या मोठ्या संन्यासाला एका बाईच्या नमस्कारानं कलम लागलं. पण त्यानंतरचं आवडत नाही. परतलेल्या संन्याशाला चार मुलं झाली आणि गावानं त्या चौघांना वाळीत टाकलं. प्रायश्चित्त म्हणून आईबापांनी देह सोडला आणि पोरं शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट चालू लागली. शुद्धी कुणाची? ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांची.

अडचणीतल्या, जगावेगळ्या घरात वाढल्याची आठवण लिहायचा अधिकार महाराष्ट्रात कुणाला असेल, तर त्या चौघांना. त्यांनी ती लिहिली नाही. ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेवर नऊ हजार ओव्या सांगितल्या आणि आईबापांच्या नावानं एक गाऱ्हाणं घातलं नाही. ही त्यांची थोरवी असं लहानपणापासून ऐकत आले. आता वाटतं, थोरवी असेलही, पण राग कुठंतरी असणारच. एकदा कुणीतरी अपमान केला तेव्हा ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, अशी कथा आहे. धाकट्या मुक्ताईनं बाहेर उभं राहून ती उघडायला लावली. ताटीचे अभंग म्हणतात ते हेच. संन्याशाचा मुलगा दार लावून गप्प बसला, हे मला त्या कथेत सर्वांत खरं वाटतं. आणि बहीण दारात उभी राहिली, हे तर मी केलेलंच आहे. फक्त मुक्ताईची ताटी उघडली.

बुद्धाच्या गोष्टीत पोर थेट बापापुढं येऊन उभं राहतं. आई सांगते, जा, वडिलांकडे वारसा माग. सात-आठ वर्षांचा राहुल मागे मागे चालत वारसा मागतो, आणि बुद्ध त्याला वारसा म्हणून प्रव्रज्या देतात, संघात घेऊन टाकतात. म्हातारा शुद्धोदन कळवळतो. मुलगा गेला, आता नातूही. तो बुद्धाला गळ घालतो की यापुढं आईबापांच्या परवानगीशिवाय कुणा पोराला संघात घेऊ नये. बुद्ध ऐकतात, तसा नियम होतो. विनयपिटकात हे सगळं नोंदलेलं आहे, लपवलेलं नाही, हे मला मोठं वाटतं. तर मुलानं घर सोडताना आईबापांची परवानगी हवी. नवऱ्यानं सोडताना बायकोची संमती हवी, असंही आपल्याकडे मानलेलं आहे. बापानं निघताना पोराला विचारावं असा नियम कुणी केलेला मला तरी सापडला नाही. आम्हाला कुणी विचारलं असतं तर आम्ही काय सांगितलं असतं? बहुतेक ‘जा’ म्हणालो असतो. सहा वर्षांचं पोर बापाला नाही म्हणत नाही. पण विचारलं तर असतं.

अण्णा ढोंगी असते तर हा लेख मला दोन परिच्छेदांत संपवता आला असता. पंचाईत ही आहे की ते ढोंगी नव्हते. मौनातल्या कितीतरी रात्री दोन-अडीचला ते आम्हाला हलवून उठवत आणि गच्चीवर नेत. पावसाळा सरताना आभाळ धुतलेलं असे. ते बोटानं दाखवत जात, एक पुंजका, मग दुसरा, मग एखादा लालसर तारा. नावं सांगायची तर बोलावं लागलं असतं, म्हणून नुसतं बोट. कृत्तिका कोणत्या आणि रोहिणी कुठली, हे आम्ही पुढं पुस्तकातून शिकलो, पण बघितलं होतं आधीच. असं आभाळ मला दुसऱ्या कुणीही दाखवलेलं नाही. आणि १९९६ मध्ये ते गेले तेव्हा, दोन महिन्यांच्या जीवघेण्या दुखण्यात, मी त्यांच्या उशाशी होते. त्या माणसाला भीती नव्हती. शांत होता, अगदी आतून. पोस्टात बत्तीस वर्षं खिडकीवर बसून मी माणसं ओळखायला शिकले आहे, सोंग मला कळतं. जे शोधायला ते निघाले होते त्यातलं काहीतरी त्यांना मिळालं होतं.

ते कुणाच्या पैशांनी मिळालं, हा माझा प्रश्न आहे.

महालयाच्या सकाळी गुरुजी आले, बंडू आला. वर्षानुवर्षं मी बाजूला पाटावर बसून श्राद्ध ऐकते. मुलगी म्हणून मला त्यात जागा नाही, वाढायला आहे. ‘अपसव्य करा’ म्हटलं की बंडू जानवं उजव्या खांद्यावर घेतो, गुरुजी डाव्या कानाशी जरा मोठ्यानं बोलतात. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. नाव, गोत्र, रूप, आणि तिळाचं पाणी. हे सगळं ऐकताना दरवेळी माझ्यातली पोस्टातली बाई जागी होते. हा पत्ता आहे. नाव आणि गोत्र लिहिलं की टपाल पोचतं. माणूस कसा होता हे पाकिटावर लिहावं लागत नाही. प्रेम होतं का, विचारत नाहीत. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं, तेही चालतं. मला यात एक मोठा दिलासा वाटत आलेला आहे. विधीला तुमचं मत नको असतं. ज्या वर्षी मला अण्णांचा अतोनात राग होता त्याही वर्षी वडे तेच झाले आणि पाणी तेवढंच सोडलं गेलं.

या वेळी मात्र रात्रभर लक्ष्मीबाई वाचल्यामुळे असेल, तिळाचं पाणी बंडूच्या अंगठ्यावरून पडताना माझ्या डोक्यात एक किडा वळवळला. अण्णांनी पाटीवर लिहिलं होतं, भोग आहे. म्हणजे कर्म ज्याचं त्याचं. बंडूच्या कानाचा हिशेब बंडूच्या मागल्या कुठल्या तरी जन्मात, बापाशी त्याचा संबंध नाही, जो तो आपापलं घेऊन येतो आणि आपापलं फेडतो. ठीक. पण तसं असेल तर हे पाणी कुठं चाललंय? इथं बसलेल्या मुलानं दिलेलं तिकडं गेलेल्या बापाला पोचतं, हे मानल्याशिवाय श्राद्धाला काही अर्थ नाही. पोचत असेल, तर खातं एकेकाचं नाही, सामाईक आहे. मग कानही सामाईक. बापाच्या नावावर तो चढलाच पाहिजे, आणि बापाला जी शांती मिळाली तीही एकट्याची नव्हे, तिच्यात बंडूचा एक कान आणि आईच्या हजारो ब्लाउजांची शिलाई आहे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या धरता येणार नाहीत. पोराचं दुखणं आलं की कर्म ज्याचं त्याचं, आणि पाणी हवं असलं की पोर आणि आपण एक.

गुरुजींना मी जेवताना हे विचारलं. चांगला माणूस आहे, तरुण आहे, बी.एस्सी. झालेला. तो म्हणाला, ‘काकू, शास्त्रात दोन्हींना आधार आहे.’ मी म्हटलं, ते मला माहीत आहे, म्हणून तर विचारते. त्यानं आमसुलाची चटणी मागून घेतली.

अण्णांच्या दहाव्याला मी गोदेवर गेले होते. बायका जात नाहीत, पण मी गेले. पिंड ठेवला आणि सगळे मागे सरकून उभे राहिले. कावळा शिवला नाही तर गेलेल्याची इच्छा अडकली आहे असं समजून काहीतरी आश्वासन द्यावं लागतं, तेव्हा काका घसा खाकरून तयार होते. ‘मुलांची काळजी करू नकोस’ असं म्हणणार होते, आम्ही पस्तीस आणि बत्तिशीचे घोडे असूनसुद्धा. त्यांनी तोंड उघडायच्या आत कावळा खाली उतरला. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, काही वासना उरली नाही. घरी आल्यावर आईनं विचारलं, शिवला का? मी म्हटलं, लगेच. ती डाळ निवडत होती. म्हणाली, ‘ते कधी थांबले होते कुणासाठी?’ आणि पुन्हा डाळ निवडायला लागली. पाटी तिनं टाकली नव्हती. पुढं मरेपर्यंत तिच्यावर दुधाचा हिशेब लिहायची.

‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४ पासून येऊ लागले. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. चौथा भाग त्यांच्यामागं निघाला, आणि तो पुरा केला मुलानं, देवदत्तांनी. ही गोष्ट मला पूर्वी नुसती माहिती होती, आता तिच्यापाशी थांबावंसं वाटतं. ज्या बापाच्या शोधापायी लहानपण विस्कटलं त्याच बापाची कथा, आईनं जिथं सोडली तिथून, मुलानं उचलली. विनोदाबद्दल मी वर थोडं तिरकं बोलले, ते दुरुस्त करते. लक्ष्मीबाईंचं हसणं म्हणजे माफी आहे असं मी समजत होते, आणि मला माफ करता येत नाही म्हणून मला त्यांच्यासारखं हसता येत नाही, असंही. तसं नाही. त्या एकही रक्कम खोडत नाहीत. सगळी तारीखवार मांडतात, आणि मांडता मांडता हसतात. टिळकांवर त्यांचा जीव होता, आणि टिळकांनी त्यांना काय काय भोगायला लावलं हेही त्यांना पै-पैनिशी आठवत होतं. एक लिहिलं म्हणून दुसरं उणं होत नाही. श्राद्धात जे विचारत नाहीत, तेवढंच त्यांनी लिहून ठेवलं. गोत्र तर त्यांनी कधीच मागे टाकलं होतं.

संध्याकाळी बंडू निघायच्या आधी मी त्याला सांगितलं, मी अण्णांवर लिहिणार आहे. कानाचंही.

‘लिही की,’ तो म्हणाला.

‘तुला राग नाही येत?’

‘नाही येत. त्याचाच तुला राग येतो.’ मग हसला. ‘ताई, या कानाचा मला फायदा काय आहे तुला ठाऊक नाही. चांगला कान उशीत घालून झोपलो की गणपतीचे ढोलसुद्धा ऐकू येत नाहीत. असं मौन अण्णांना जन्मात मिळालं नाही.’

मी काही बोलले नाही. तो चपला घालत म्हणाला, ‘फक्त पेरूंचंही लिही.’

पेरूंचं मी विसरले नव्हते, लिहायचं टाळत होते. १९७१ च्या आश्विनातली गोष्ट. मी पाचवीत होते. ऑक्टोबरचं ऊन, मधली सुट्टी संपलेली, आणि शाळेच्या फाटकाशी अण्णा उभे. मौनात ते घराबाहेर फारसे पडत नसत, त्यामुळे खिडकीतून दिसले तरी मला ते दुसरेच कुणी वाटले. शिपाईमामांनी विचारलं, कोण पाहिजे? अण्णांनी काखेतली पाटी काढून लिहिलं. मामा पाटी घेऊन आमच्या वर्गावरून पुढं गेले आणि चौथीच्या वर्गात शिरले. थोड्या वेळानं परत आले, मान हलवत. चौथी ‘ब’मध्ये सुमन नावाची मुलगी नव्हती. माझं नाव त्यांनी पाटीवर लिहिलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं, तेही मामांच्या हातात, उलटं धरलेलं.

अण्णांनी पाटी पुसली नाही आणि दुरुस्तही केली नाही. पायरीवर बसून राहिले, शाळा सुटेपर्यंत. मी बाहेर आले तेव्हा धोतराच्या ओच्यात चार पेरू होते, आणि एका कागदाच्या पुडीत तिखटमीठ. पेरू उन्हानं गरम झालेले. घरी जाताना आम्ही दोन संपवले. एक त्यांनी बंडूसाठी ठेवला, चौथा कुणाचा ते कळेना, म्हणून तो मी दप्तरात टाकला.